पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा सर्व्हे करायचाय? आधी १९६३ सालची ही गोष्ट वाचा

शारीरिक शिक्षणात पीएच.डी. करायचं ठरवलं आणि विषय शोधायला बसलात, की एक शीर्षक हमखास समोर येतं. ‘अमुक विभागातील विद्यापीठांच्या शारीरिक शिक्षण पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे सर्वेक्षण’. सीनियर सांगतात, सोपा विषय आहे. प्रश्नावली करा, विभागप्रमुखांना पाठवा, परत आलेल्या भरून घेतलेल्या प्रती मोजा, टक्केवारी काढा, काय-वर्ग कसोटी लावा, आरआरसीला काही अडचण येत नाही.

हा विषय घेऊ नका असं मी म्हणणार नाही. उलट घ्याच. पण तो सोपा आहे हे मात्र मान्य करू नका. पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या एका पाहणीने आपल्या विषयाची अख्खी दिशा बदलली होती. तुम्ही नेटसाठी पाठ करता त्या घटकांची रचना, तुमच्या विभागातले प्रयोगशाळेचे तास, अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या साइटवर ‘फिजिकल एज्युकेशन’ शोधल्यावर ‘किनेसिऑलॉजी’ का उघडतं, या सगळ्याचा धागा त्या पाहणीपर्यंत जातो. ती पाहणी करणारा माणूस आपल्या क्षेत्रातला नव्हता. तो रसायनशास्त्रज्ञ होता.

आधी थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत महाविद्यालयीन शारीरिक शिक्षणाची सुरुवात डॉक्टरांनी केली. १८६१ मध्ये ॲमहर्स्ट कॉलेजात डॉ. एडवर्ड हिचकॉक यांची नेमणूक झाली. विद्यार्थ्यांची तब्येत सांभाळायची, व्यायाम घ्यायचा आणि मापं नोंदवायची हे त्यांचं काम. पुढे हार्वर्डला आलेले डडली सार्जंट हेही वैद्यकीय पदवीधर. १८९१ मध्ये हार्वर्डच्या लॉरेन्स सायंटिफिक स्कूलमध्ये शरीररचना, शरीरक्रिया आणि शारीरिक प्रशिक्षण असा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. डॉ. जॉर्ज फिट्झ यांनी तिथे व्यायामाचा शरीरावर होणारा परिणाम तपासायला प्रयोगशाळा उभी केली. म्हणजे विषयाच्या बालपणी प्रयोगशाळा होती. पण हा अभ्यासक्रम शतक संपता संपता बंद पडला.

नंतर वारं फिरलं. पहिल्या महायुद्धाच्या सैन्यभरतीत मोठ्या संख्येने तरुण शारीरिकदृष्ट्या अपात्र ठरले. एकेका राज्याने शाळेत शारीरिक शिक्षण सक्तीचं केलं. सक्ती आली म्हणजे शिक्षक लागणार, शिक्षक लागले म्हणजे ते घडवणारी कॉलेजं लागणार आणि कॉलेजांना शिकवणारे प्राध्यापक लागणार. म्हणून हा विषय विज्ञान शाखेऐवजी बहुतेक ठिकाणी शिक्षणशास्त्राच्या छपराखाली वाढला. कोलंबिया विद्यापीठाचं टीचर्स कॉलेज आणि न्यूयॉर्क विद्यापीठ यांनी १९२४ मध्ये शारीरिक शिक्षणातली डॉक्टरेट सुरू केली. दोन्हीकडे मुख्य गिऱ्हाईक होतं ते शिक्षक, पर्यवेक्षक आणि क्रीडासंचालक.

इथे एक गोष्ट टिपून ठेवा. अमेरिकेत शाळाशिक्षकाला मास्टर्स केल्यावर पगारात वाढ मिळे. त्यामुळे नोकरी करणारे शिक्षक उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन क्रेडिट जमवत आणि तीन-चार उन्हाळ्यांत पदवी पूर्ण करत. अशा विद्यार्थ्याला काय हवं असणार? उद्या शाळेत उपयोगी पडेल ते. स्पर्धा कशा घ्याव्यात, क्रीडांगण कसं आखावं, बास्केटबॉलचं प्रशिक्षण कसं द्यावं, विभागाचं अंदाजपत्रक कसं करावं. अभ्यासक्रमांच्या यादीत असेच विषय भरले.

क्षेत्रातल्या लोकांना हे दिसत नव्हतं असं नाही. १९४८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या जॅक्सन्स मिल इथे पदवी स्तरासाठी आणि १९५० मध्ये इलिनॉयमधल्या पेर मार्केट इथे पदव्युत्तर स्तरासाठी राष्ट्रीय परिषदा भरल्या. पदव्युत्तर शिक्षणाचा दर्जा काय असावा, प्रबंध हवा की नको, संशोधनाला किती वजन द्यावं, यावर तिथे सविस्तर शिफारशी झाल्या. पण त्या शिफारशीच होत्या, त्या पाळायची सक्ती कुणावर नव्हती.

कोनंट काय म्हणाले

१९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेत शिक्षणाच्या दर्जावर एकच गदारोळ झाला. आपली मुलं गणित-विज्ञानात मागे का, याचं उत्तर शोधता शोधता बोट शिक्षकांकडे गेलं आणि तिथून शिक्षक घडवणाऱ्या संस्थांकडे. या प्रश्नावर पाहणी करायचं काम जेम्स ब्रायंट कोनंट यांनी घेतलं. साधा माणूस नव्हे. १९३३ ते १९५३ अशी वीस वर्षं हार्वर्डचे अध्यक्ष, नंतर पश्चिम जर्मनीत अमेरिकेचे राजदूत. कार्नेगी कॉर्पोरेशनच्या पैशावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीसहून अधिक राज्यांतल्या सत्तरहून अधिक संस्थांना भेटी दिल्या. १९६३ मध्ये ‘द एज्युकेशन ऑफ अमेरिकन टीचर्स’ हे पुस्तक आलं.

पुस्तक सगळ्याच विषयांच्या शिक्षकांबद्दल आहे. शारीरिक शिक्षणाचा भाग त्यात थोडाच. पण त्या थोड्या पानांत कोनंट यांनी जे लिहिलं त्याने आपलं क्षेत्र हादरलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : शिक्षक-शिक्षणाचं सर्वांत वाईट चित्र रंगवायचं झालं तर मी शारीरिक शिक्षणातल्या काही पदव्युत्तर पेपरांची वर्णनं तशीच्या तशी देईन. आणि पुढे : विद्यापीठांनी या विषयातले पदव्युत्तर अभ्यासक्रम रद्द करावेत.

याच्या शेजारचं तिसरं वाक्य मात्र फारसं कुणी सांगत नाही. कोनंट यांचा शाळेतल्या शारीरिक शिक्षणाला विरोध नव्हता. त्यांचं म्हणणं होतं की कुणाला व्यायामाच्या शरीरक्रियाशास्त्रात संशोधन करायचं असेल, तर त्याने पदव्युत्तर वर्षं त्या विज्ञानांत घालवावीत, इतकी की तिथल्या मुख्य विद्यार्थ्यांच्या बरोबरीने तो उभा राहील. म्हणजे संशोधन करा, पण तुमच्या विभागात नको.

कोनंट आणि हार्वर्ड यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. व्यायामाच्या शरीरक्रियाशास्त्रात ज्या प्रयोगशाळेचं नाव आजही आदराने घेतलं जातं, ती हार्वर्ड फटीग लॅबोरेटरी १९२७ मध्ये सुरू झाली आणि १९४७ मध्ये बंद झाली. बंद झाली तेव्हा हार्वर्डचे अध्यक्ष कोनंटच होते. ही लॅब शारीरिक शिक्षण विभागात तर नव्हतीच, वैद्यकीय शाखेतही नव्हती. ती होती बिझनेस स्कूलमध्ये. शारीरिक श्रमांवरचं संशोधन विद्यापीठात कुठल्या खोलीत बसवायचं, हा प्रश्न असा आधीपासूनच भिजत पडलेला होता.

त्यांनी पुरावा म्हणून काय पाहिलं

आता संशोधक म्हणून वाचा. कोनंट यांच्या निष्कर्षाचा आधार काय? संस्थांना भेटी दिल्या, लोकांशी बोलले, हे खरं. पण पदव्युत्तर शारीरिक शिक्षणावर त्यांनी जो घाव घातला तो पेपरांच्या छापील वर्णनांवरून. अमेरिकन विद्यापीठं दरवर्षी एक कॅटलॉग छापतात. त्यात प्रत्येक पेपरचं नाव, क्रेडिट आणि दोन-चार ओळींत काय शिकवणार ते असतं.

कॅटलॉग हे साधन म्हणून टाकाऊ नाही. दर्जाचा पहिला अंदाज त्यातून येतो. ‘शिबिरांचे संचालन’ हा पेपर मास्टर्सच्या क्रेडिटमध्ये धरलेला दिसला, तर तिथे विद्यापीठाने पदव्युत्तर म्हणजे काय मानलं आहे हा प्रश्न रास्तच आहे. आणि टीका सगळीच खोटी असती तर क्षेत्रातले लोक इतके हबकले नसते.

पण कॅटलॉगमधून काय दिसत नाही, तेही बघा. पहिलं म्हणजे प्रबंध दिसत नाहीत. ‘रिसर्च क्वार्टर्ली’ हे या क्षेत्रातलं संशोधन-नियतकालिक १९३० पासून निघत होतं. इलिनॉय विद्यापीठात टॉमस क्युरटन यांची शारीरिक क्षमतेची प्रयोगशाळा १९४४ पासून चालू होती. स्प्रिंगफील्ड कॉलेजात पीटर कार्पोविच होते. बर्कलीला फ्रँकलिन हेन्री होते, ज्यांनी १९६० मध्ये हालचाल सुरू होण्याआधी मेंदूत ती आधीच आखलेली असते अशा आशयाचा सिद्धांत मांडून हालचालींच्या अध्ययनावरच्या संशोधनाला वळण दिलं. हे सगळं कॅटलॉगच्या दोन ओळींत मावत नाही.

दुसरं म्हणजे सरासरी आणि टोक यांतला फरक त्यात दिसत नाही. कोनंट स्वतः ‘काही’ पेपरांबद्दल बोलले होते. पण शिफारस केली ती सगळे कार्यक्रम रद्द करण्याची. ‘काही’वरून ‘सगळे’वर उडी मारताना किती कार्यक्रम वाईट, किती बरे, किती चांगले, ही मोजणी मध्ये यायला हवी होती. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये गाईड नेमकं इथेच लाल पेन चालवतील.

तिसरं, कार्यक्रम कशासाठी आहे हे कॅटलॉग सांगत नाही. उन्हाळ्यात येणाऱ्या शिक्षकासाठीची पदवी आणि संशोधकासाठीची पदवी यांचं नाव एकच होतं. दोन वेगळ्या गोष्टी एकाच शीर्षकाखाली मोजल्या की एकीचा दोष दुसरीच्या माथी जातो.

हेन्री यांचं उत्तर

टीकेच्या आधीच जमीन सरकायला लागली होती. कॅलिफोर्नियात १९६१ मध्ये फिशर कायदा झाला. त्याने शालेय विषयांत ‘अकॅडमिक’ आणि ‘नॉन-अकॅडमिक’ असा भेद आणला आणि शारीरिक शिक्षण दुसऱ्या बाजूला पडलं. कॅलिफोर्नियातल्या विभागांच्या दृष्टीने हा थेट पोटावर पाय होता, कारण शिक्षक व्हायचं असेल तर मुख्य विषय कोणता घ्यायचा, हे आता कायदा ठरवणार होता.

बर्कलीचे फ्रँकलिन हेन्री मूळचे मानसशास्त्राचे पीएच.डी. १९६४ मध्ये त्यांनी ‘फिजिकल एज्युकेशन : ॲन अकॅडमिक डिसिप्लिन’ हा लेख लिहिला. हा लेख लहान आहे, मिळवा आणि वाचा. त्यातला युक्तिवाद साधा आहे. ज्ञानशाखा म्हणजे शिकण्याच्या औपचारिक क्रमात बसवलेला, संघटित ज्ञानाचा साठा. तो मिळवायचा तो ज्ञान म्हणून. उद्या नोकरीत त्याचा उपयोग होईल की नाही, ही अट त्याला नाही. इतिहासाचा विद्यार्थी इतिहासाचा शिक्षक होईलच असं नाही. तसंच शारीरिक शिक्षण हा मुख्य विषय घेणारा शिक्षक होईलच असं कशाला?

आणि कोनंट यांच्या त्या तिसऱ्या वाक्याला उत्तर असं : माणसाची हालचाल समजून घ्यायला शरीररचना, भौतिकशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र, मानवशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र यांतलं प्रत्येकाचं काही ना काही लागतं. पण यांपैकी कुठल्याही एका विभागाला हालचाल हा आपला मुख्य प्रश्न वाटत नाही. त्यांच्यासाठी ती कडेची बाब. मग हे धागे एकत्र विणणारं कुणीतरी हवं, आणि ते काम आपलं.

बचाव म्हणून हा युक्तिवाद मजबूत होता. पण जरा थांबून पाहा, हेन्री यांनी काय केलं? कोनंट यांनी जो प्रश्न विचारला होता, तो शिक्षक कसे घडतात याबद्दल होता. हेन्री यांनी उत्तर दिलं ते ज्ञान म्हणजे काय याबद्दल. शिक्षक घडवण्याचा प्रश्न त्यांनी नाकारला नाही, पण तो बाजूला ठेवला. पुढच्या तीस वर्षांत तो बाजूलाच राहिला.

मग यादी बदलली

१९६४ च्या अखेरीपासून ‘बिग टेन’ गटातल्या विद्यापीठांच्या शारीरिक शिक्षण विभागप्रमुखांनी आपल्या विषयाचा ज्ञानसाठा नेमका काय हे लिहून काढायला घेतलं. त्यातून सहा क्षेत्रं निघाली : व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र, जैवयांत्रिकी, हालचालींचं अध्ययन व क्रीडा मानसशास्त्र, क्रीडेचं समाजशास्त्र, इतिहास-तत्त्वज्ञान व तुलनात्मक अभ्यास, आणि प्रशासनाचा सिद्धांत. विभागांनी पेपर बदलले, नेमणुका बदलल्या, पदव्युत्तर कार्यक्रम या रकान्यांत विभागले. प्रत्येक रकान्याची आपली परिषद, आपलं नियतकालिक झालं.

मग नाव बदललं. शारीरिक शिक्षण म्हणजे शिक्षक-प्रशिक्षण हा शिक्का पुसायचा तर नाव सोडावं लागणार, असं अनेकांना वाटलं. कुणी व्यायामविज्ञान घेतलं, कुणी क्रीडाविज्ञान, कुणी मानवी हालचाल. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या विभागांची शंभराहून अधिक वेगवेगळी नावं होती. १९८९ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ फिजिकल एज्युकेशनने ‘किनेसिऑलॉजी’ या नावाची शिफारस केली आणि पुढे स्वतःच्या नावातही तो शब्द घेतला.

ज्या बर्कलीतून हेन्री यांनी उत्तर दिलं, तिथलं काय झालं? त्यांच्या विभागाचं नाव आधी ‘ह्यूमन बायोडायनॅमिक्स’ झालं आणि १९९० च्या दशकात तो विभागच बंद झाला. शिकवणारे इतर विभागांत गेले. म्हणजे कोनंट यांनी सुचवलं होतं साधारण तेच झालं, तेही ज्या ठिकाणी त्यांच्या टीकेला सर्वांत बौद्धिक उत्तर मिळालं होतं तिथेच. यावरून हेन्री चुकले असं सिद्ध होत नाही. विद्यापीठांच्या पैशाची गणितं, शेजारच्या विभागांची भूक, अशी कारणं असतात. पण ज्ञानशाखा सिद्ध केली म्हणजे विभाग वाचतोच, असं या इतिहासातून म्हणता येत नाही.

या काळात आणखी एक गोष्ट घडली जी यादीत दिसतच नाही. एकेकाळी स्त्रियांचे स्वतंत्र शारीरिक शिक्षण विभाग होते. एमी मॉरिस होमन्स यांनी बॉस्टनची आपली जिम्नॅस्टिक्सची शिक्षिका-प्रशिक्षण संस्था १९०९ मध्ये वेलस्ली कॉलेजात आणली, तेव्हापासून तिथून तयार झालेल्या स्त्रियांनी देशभरच्या कॉलेजांत विभाग चालवले. १९७२ मध्ये टायटल नाइन कायदा आला. शिक्षणात लिंगभेद नको, हा त्याचा हेतू. मुलींच्या खेळांना त्याने फार मोठी दारं उघडली. पण स्त्री आणि पुरुष असे दोन विभाग एकत्र केले गेले, तेव्हा बहुतेक ठिकाणी प्रमुखपद पुरुषाकडे गेलं. १९६५ आणि १९८५ या दोन वर्षांचे कॅटलॉग शेजारी ठेवून तुम्ही विभागांची संख्या मोजलीत, तर एवढंच दिसेल की विभाग कमी झाले. प्रमुखपदी असलेल्या बायका कुठे गेल्या, हे त्या आकड्यात येणार नाही.

पुढचे सर्व्हे

अमेरिकेतली नॅशनल रिसर्च कौन्सिल डॉक्टरेट कार्यक्रमांचं मूल्यमापन करत असे. १९९५ च्या अहवालात किनेसिऑलॉजी नव्हतंच. २०१० च्या अहवालात ते आलं. क्षेत्रातल्या लोकांना हा विजय वाटला, आणि का वाटू नये? ज्या विषयाचे कार्यक्रम रद्द करा म्हणून सांगितलं गेलं होतं, तो आता भौतिकशास्त्र आणि इतिहासाबरोबर एका यादीत होता.

पण त्या मूल्यमापनात काय मोजलं? प्राध्यापकांचे शोधनिबंध, त्यांना मिळालेले उद्धरण, संशोधन अनुदान, विद्यार्थ्यांना मिळणारी आर्थिक मदत, पदवीला लागणारा वेळ. शाळेच्या मैदानावर चाळीस मुलांना कसं शिकवायचं यावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला अनुदान कमी आणि स्नायूच्या पेशीवर काम करणाऱ्याला जास्त, हे तिथेही असंच आहे. जे मोजलं जातं तिकडे नेमणुका वळतात. शारीरिक शिक्षणाच्या अध्यापनावर डॉक्टरेट देणारा भाग आक्रसत चालला, मग शाळांसाठी शिक्षक घडवणारे प्राध्यापक येणार कुठून, ही काळजी तिथलेच अभ्यासक गेली कित्येक वर्षं मांडत आहेत. कोनंट यांनी सुरुवात केली होती ती शाळेच्या शिक्षकापासून. साठ वर्षांनी तो शिक्षकच सर्व्हेच्या बाहेर उभा आहे.

आपल्याकडे हे कसं आलं

भारतातली गोष्ट अमेरिकेची नक्कल नाही, पण दुवे खरे आहेत. मद्रासला १९२० मध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढणारे हॅरी क्रो बक हे स्प्रिंगफील्डचे. मुंबई प्रांतात कांदिवलीची प्रशिक्षण संस्था १९३८ मध्ये सुरू झाली. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. ते आखाड्याच्या परंपरेतून वाढलं आणि नंतर पदवी महाविद्यालयापर्यंत पोचलं. ग्वाल्हेरला १९५७ मध्ये, सत्तावन्नच्या उठावाच्या शताब्दीवर्षी, लक्ष्मीबाई महाविद्यालय सुरू झालं आणि तिथे १९६३ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम आला. साल पाहिलंत ना? अमेरिकेत पदव्युत्तर कार्यक्रम रद्द करा म्हणून पुस्तक निघालं त्याच वर्षी आपल्याकडे तो सुरू झाला.

आपल्याकडे विषयाचं नाव बदलायची लाट तशी आली नाही. याचं एक कारण पदव्यांची रचना. इथे बी.पी.एड. आणि एम.पी.एड. शिक्षक-शिक्षणाच्या नियमांखाली येतात, त्यावर एनसीटीईचं लक्ष असतं. दुसरीकडे महाविद्यालयातल्या क्रीडासंचालकाच्या पदासाठी यूजीसीची पात्रता लागते. नाव बदललं तर विद्यार्थ्याची पात्रताच धोक्यात येईल.

आशय मात्र आला. नेटचा सत्तेचाळीस नंबरचा विषय काढा. दहा घटकांची यादी वाचा. व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र, किनेसिऑलॉजी व जैवयांत्रिकी, क्रीडा मानसशास्त्र व समाजशास्त्र, क्रीडा व्यवस्थापन. बिग टेनच्या सहा रकान्यांतले बहुतेक इथे भेटतात. सोबत अभ्यासक्रम-रचना, प्रशिक्षण, आरोग्यशिक्षण हे शिक्षक-प्रशिक्षणाच्या वंशातले घटकही आहेत. दोन्ही वंश एकाच पेपरात नांदतात. त्यांचं आपसात किती पटतं, हा तुमच्या प्रबंधाचा प्रश्न होऊ शकतो.

तर तुमचा सर्व्हे

आता प्रश्नावली बनवायला बसण्याआधी एवढं ठरवा.

१. तुम्ही काय मोजताय? पदवी, विभाग, पेपर की विद्यार्थी? बी.पी.ई., बी.पी.एड., एम.पी.ई., एम.पी.एड. ही नावं एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. बी.पी.एड. आधी एक वर्षाचं होतं, एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनंतर दोन वर्षांचं झालं. त्या आधीची आणि नंतरची आकडेवारी एकाच तक्त्यात शेजारी ठेवलीत तर तुम्ही दोन वेगळ्या पदव्यांची तुलना करताय.

२. पुरावा कुठला? विद्यापीठाच्या साइटवरची सिलॅबसची पीडीएफ म्हणजे आपला कॅटलॉग. ती घ्याच, पण तिच्यावर थांबू नका. पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्या, म्हणजे सिलॅबसमधलं काय प्रत्यक्ष विचारलं जातं ते कळेल. ग्रंथालयातल्या लघुप्रबंधांची शीर्षकं उतरवून घ्या. वेळापत्रक मागा. मंजूर पदं किती, भरलेली किती, तासिका तत्त्वावर किती, हे विचारा. जैवयांत्रिकी सिलॅबसमध्ये आहे आणि ती शिकवणारं पद रिकामं आहे, ही बाब फक्त पीडीएफ वाचणाऱ्याला कळणार नाही.

३. कोण राहिलं? चालू असलेल्या महाविद्यालयांनाच प्रश्नावली पाठवलीत तर बंद पडलेली आपोआप सुटतात. बंद का पडली, यात कदाचित सर्वांत महत्त्वाची माहिती असेल. ज्यांनी प्रश्नावली परत पाठवली नाही त्यांचाही वेगळा रकाना करा.

४. कार्यक्रम कशासाठी आहे हे आधी विचारा, मग दर्जा तपासा. शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमाला शोधनिबंधांच्या संख्येवर नापास करू नका आणि संशोधन घडवणाऱ्या अभ्यासक्रमाला मैदानाच्या मापावर पास करू नका. एकच अभ्यासक्रम दोन्ही करतो असा दावा असेल, तर दोन्ही मापं लावा आणि दोन्ही आकडे द्या.

५. निष्कर्षात ‘काही’, ‘बहुतेक’ आणि ‘सर्व’ हे तीन शब्द मोजून वापरा. प्रत्येकाच्या मागे तक्ता क्रमांक असला पाहिजे.

हा काटेकोरपणा केवळ व्हायव्हासाठी नाही. तुमचा प्रबंध शोधगंगेवर जाईल. उद्या एखाद्या समितीला ‘अमुक विभागात पदव्युत्तर जागा गरजेपेक्षा जास्त आहेत’ असं म्हणायचं असेल, तर ती तुमचा तक्ता उचलेल. त्यात शिकायला येणारी मुलं-मुली आहेत, त्यांतली बरीच गावाकडच्या मैदानावरून, भरतीची तयारी करता करता इथवर पोचलेली. त्यांच्या पदवीबद्दल कुणी चार ओळींत निकाल द्यायचा असेल, तर त्या ओळींखाली किती काम आहे हे तपासायचं पहिलं पाऊल तुमच्या प्रश्नावलीत आहे.

पुढच्या लेखात लघुप्रबंधांच्या शीर्षकांवरून विषयांचा कल कसा काढायचा, ते एका छोट्या नमुन्यावर करून दाखवतो. तोपर्यंत एक गृहपाठ : तुमच्याच विद्यापीठाचा एम.पी.एड.चा सर्वांत जुना छापील सिलॅबस शोधा. विभागात नसेल तर परीक्षा विभागाकडे किंवा जुन्या प्राध्यापकांकडे विचारा. तो मिळवायला किती दिवस लागले, तेही वहीत तारखेसह लिहून ठेवा. प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात त्याचा उपयोग होईल.